दोन बटणांची टाकी

डोंबिवलीतल्या भगवानशेठच्या दुकानात कलावती शिरली, तेव्हा कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस भर दुकानात कमोडसमोर उकिडवा बसून त्यात मूठमूठ मटकी टाकत होता.

ती दारातच थबकली. मागे फिरावं की काय, असं तिच्या मनात आलं. पण बाहेर मे महिन्याचं ऊन रस्त्यावर ओतल्यासारखं पडलं होतं, आणि दवाखान्यापासून इथवर आपण कशा चालत आलो हे तिचं तिलाच आठवत नव्हतं. कानात डॉक्टरीणबाईंचं बोलणं अजून घुमत होतं.

"या बाई, या," गल्ल्यावरून भगवानशेठ म्हणाले. "घाबरू नका. कंपनीचा माणूस आहे. सकाळपासून मटकी टाकतोय आणि माझी गिऱ्हाइकं पळवतोय."

कंपनीचा माणूस धडपडत उठला. हातात उरलेली मटकी कुठं ठेवावी ते न सुचून त्याने ती शर्टाच्या खिशात टाकली. सावळा, शेलाटा, कान मात्र लालेलाल झालेले. कलावतीने तिकडे न बघता भगवानशेठकडे साखळीच्या टाकीचा वायसर मागितला. घरी संडासची साखळी कितीही ओढली तरी थेंब येत नव्हता, आणि कितीतरी दिवस बादलीवरच भागवणं चाललं होतं.

"साखळीची म्हणजे... वर छताजवळची? बिडाची?" त्या माणसाने मधेच विचारलं. मग एकदम सावरून आपलं नाव दौलत असल्याचं सांगितलं आणि दोनच मिनिटं मागितली.

त्याच्या मागे एक पांढरीशुभ्र टाकी होती, कमोडच्या पाठीला टेकून बसवलेली. वर दोन बटणं, एक धाकटं, एक थोरलं. साखळीची टाकी एका ओढीला बादलीभर पाणी सोडते, काम कुठलंही असो, तो सांगू लागला. या टाकीचं तसं नाही. थोरलं बटण दाबलं की सगळं पाणी, धाकटं दाबलं की निम्मंच.

"म्हणजे थोरलं बटण... मोठ्या कामाला. आणि धाकटं... जेव्हा माणूस... म्हणजे नुसताच..."

"कळलं," कलावती म्हणाली.

"कंपनीने सगळं शिकवलं. हे वाक्य पुरं कसं करायचं, तेवढं शिकवलं नाही."

त्या दिवसात कलावती पहिल्यांदा हसली. हसली ती हसली, आणि मटकी भिजवून का टाकत नाही, असंही विचारून बसली. दौलतने अगदी गंभीरपणे सांगितलं की भिजवलेली मटकी वहिनी हातची सोडत नाही, तिची घरी उसळ होते.

त्याने धाकटं बटण दाबलं. पाणी सळसळत आलं, मटकी गरकन फिरली आणि नाहीशी झाली. कलावती वाकून बघत राहिली. इतक्या थोड्या पाण्यात होतं? तिने विचारलं, तिच्या घरचा कमोड जुना आहे, वडील अंथरुणाला खिळले तेव्हा कल्याणच्या जुन्या बाजारातून आणून बसवलेला. त्याला ही टाकी चालेल का?

"कशालाही चालते," दौलत म्हणाला.

हे त्याने जरा जास्तच चटकन म्हटलं. पण ती टपोऱ्या डोळ्यांनी इतक्या आशेने बघत होती की त्या जागी दुसऱ्या कुणीही तेच म्हटलं असतं.

*

कलावतीची आई मनुबाई, ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळ्यांची लेक आणि सून. उभा जन्म मासळीची पाटी डोक्यावर वाहिलेली. नवरा कारखान्यात लागला आणि मानपाडा रस्त्याच्या आत, सरस्वती सदनच्या तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या, तेव्हा ती खाडी सोडून डोंबिवलीत आली. नवरा गेल्यावर घरात मायलेकी दोघीच उरल्या. कलावती मानपाड्याच्या औषध कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या तपासायला बसे. तिशी जवळ आली होती. स्थळं येत, आणि आईचं काय, या प्रश्नापाशी येऊन परत जात.

आणि आता आईचंच काय, हे खरोखर कळेनासं झालं होतं. सारखा ताप, लघवीला जळजळ, चक्कर. डॉक्टरीणबाईंनी फोटो काढून घेतला आणि कलावतीला एकटीला आत बोलावलं. एक मूत्रपिंड आधीच आकसलेलं आहे, त्या म्हणाल्या. दुसरं वाचवायचं तर औषधाआधी पाणी. भरपूर पाणी. प्यायल्या नाहीत, तर पुढे रक्त धुवायच्या मशीनवर न्यायची पाळी येईल.

पण आई पाणी पीत होती. कलावती रोज कामाला जाताना तांब्या भरून आईच्या उशाशी ठेवी, आणि संध्याकाळी तो रिकामा असे. मग ते पाणी जात कुठं होतं? या विचाराने तिची झोप उडाली होती. कारखान्यात पट्टीतल्या गोळ्या मोजताना हात थांबत आणि शेजारची बाई तिला कोपराने ढोसे.

*

रविवारी दौलत आला. खांद्यावर खोकं, हातात पान्यांची पिशवी. नळकाम तो कंपनीत नुकतंच शिकला होता आणि खरं सांगायचं तर एकट्याने बसवायची ही त्याची पहिलीच टाकी. स्टुलावर चढून त्याने जुन्या टाकीचं झाकण बाजूला सारलं, आत डोकावला आणि तसाच उभा राहिला.

"वायसर चांगला आहे," तो हळूच म्हणाला. "टाकी बिघडलेलीच नाही. आतला गोळा कुणीतरी वर बांधून ठेवलाय. गोळा खाली आला नाही की पाणी आत येत नाही."

ते बांधलेलं त्याला सोडवेना. नखं लावली, पान्याचं टोक लावलं. शेवटी तो खाली उतरला आणि कलावती वर चढली. तांब्याच्या गोळ्याभोवती हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी होती, आणि तिला एक गाठ. कलावतीने ती एकाच बाजूने ओढली आणि ती अलगद सुटली. जाळ्याची गाठ होती ती. जाळं फाटलं की कोळणी मारतात ती. सरस्वती सदनात तशी गाठ मारता येणारं एकच माणूस होतं, आणि ते या क्षणी स्वयंपाकघरात सुकट निवडत बसलं होतं.

चिंधी हातात घेऊन कलावती आईसमोर जाऊन उभी राहिली. मनुबाईने चिंधीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं आणि पुन्हा सुकटीत हात घातला.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सरस्वती सदनच्या भिंती पातळ. संडासांच्या मागून जाणारा नळ सगळ्या मजल्यांचा एकच; वर साखळी ओढली की खाली तळमजल्यावर धबधबा ऐकू जाई. उन्हाळ्यात पाणी सकाळी अर्धाच तास येऊ लागलं, तशी तळमजल्यावरच्या विमलाबाईंनी त्या नळाला कान लावला. त्यांचे यजमान सोसायटीचे सेक्रेटरी. एकदा जिन्यात चार बायकांसमोर त्या म्हणाल्या, की मनुबाईंकडे साखळी फार ओढली जाते. खाडीकाठची माणसं, त्यांना पाणी म्हणजे काय!

"मग तू पाणी प्यायचंच सोडलंस?" कलावतीचा आवाज चिरकला. "आणि तांब्या?"

तांब्यातलं पाणी मनुबाई रोज दुपारी परत माठात ओतत होती. प्यायलं नाही की जावं लागत नाही, आणि गेलंच तर लोटाभर पाण्यात आवाज न करता भागतं.

कलावती तशीच तळमजल्यावर निघाली होती. मनुबाईने तिचा हात धरला.

"नको गो. खाडीचं पानी खारं असते, ते त्या बायला काय ठावं? गोड्या पान्यासाठी मी कुठं कुठं हिंडलेय, ते माजं मना ठावं हाय. मना पान्याचं कोनी बोललं ते सोसलं नाय, म्हनून बांधलं."

दौलत संडासच्या दारात पाना घेऊन उभा होता. आत जावं की बाहेर, त्याला कळेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो बोलला, "मावशी, या नव्या टाकीला आवाज नसतो."

"नसतो?"

"म्हणजे... असतो. पण जिन्यात सांगण्यासारखा नसतो."

मनुबाईच्या सुरकुत्या किंचित हलल्या. कलावतीने डोळे पुसले, आणि पुसता पुसता तिला वाटलं, हा माणूस बोलताना अडखळतो तेच बरं आहे.

संध्याकाळपर्यंत टाकी बसली. थोड्या पाण्यात, हलक्या आवाजात चालू लागली. मनुबाई त्याच्यासमोर पेलाभर पाणी प्यायली. कलावतीने त्याला जेवायला थांबवलं तेव्हा कळलं की तो माळकरी आहे; घरात सगळीकडे मासळी. मग तिने बटाट्याचे काप रव्यात घोळून, अगदी पापलेटासारखे कुरकुरीत तळून त्याच्या ताटात वाढले. त्याने पहिला घास उचलला आणि विचारलं, "यात काटा नाही ना?" आणि मनुबाई किती दिवसांनी मोकळी हसली.

*

त्यानंतर दौलतला मानपाड्यात फार काम निघू लागलं.

कारखाना सुटायच्या सुमाराला तो कोपऱ्यावरच्या टपरीशी उभा असे. पहिल्यांदा म्हणाला, इकडे एका दुकानात आलेलो. दुसऱ्यांदाही तेच म्हणाला. तिसऱ्यांदा कलावतीने त्याच्या हातून चहाचा ग्लास घेतला आणि पदराच्या टोकाने कपाळ टिपत म्हणाली, "मानपाड्यात कमोडची इतकी दुकानं आहेत, हे मला माहीत नव्हतं."

"एकही नाही," तो म्हणाला. "म्हणूनच रोज यावं लागतं."

ती चहात बघत राहिली. ग्लास चांगलाच पोळत होता, तरी तिने तो खाली ठेवला नाही.

रोज तो आईची चौकशी करी. पाणी पितात ना? आणि रोज कलावती म्हणे, हो.

इथेच तिचं चुकत होतं, आणि ते तिला कळत होतं. आठवडाभरातच तिच्या ध्यानात आलं होतं की धाकट्या बटणाने काम होत नाही. पाणी येई, पण त्या जुन्या रुंद कमोडात पसरून जाई, त्याला जोरच नसे. मग थोरलं दाबावं लागे. पुष्कळदा त्यानेही नाही, मग टाकी भरेपर्यंत आत उभं राहून पुन्हा थोरलं. साखळी परवडली, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. आई काही बोलत नव्हती. आई न बोलण्यात पटाईत होती. आणि कलावतीनेही दौलतला सांगितलं नाही. सांगितलं तर तो हिरमुसेल, टपरीवर यायचा थांबेल... एवढ्याशा चहासाठी ती गप्प बसली. उद्या सांगू, परवा सांगू. रोज घरी परतताना ती जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढे, आणि दार उघडून आई उठून बसलेली दिसली की मगच चपला काढी.

एके दिवशी आई उठून बसलेली नव्हती. भिंतीला टेकून, डोळे अर्धे मिटून, अंगात फणफणून ताप. ओठांना कोरड. शेजारी तांब्या... रिकामा. कलावतीने माठाचं झाकण काढून बघितलं. माठ गळ्यापर्यंत भरलेला होता.

दवाखान्यात सलाईन लागलं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचीच कलावतीला जास्त भीती वाटली. या वेळी वेळेवर आलात, एवढंच त्या म्हणाल्या. पुन्हा असं झालं, तर मशीन टळणार नाही.

दुसऱ्या दिवशी दौलत टपरीवर दोन ग्लास सांगून उभा होता. कलावतीने ग्लास घेतलाच नाही. सगळं एका दमात त्याच्या अंगावर टाकलं. बटण दोन-दोनदा दाबावं लागतं, आईने लाजेने पुन्हा पाणी प्यायचं सोडलं आहे, ती दवाखान्यात आहे.

"तुम्ही म्हणालात कशालाही चालते," ती म्हणाली. "तुमची मटकी वाहून जाते हो. माणसांच्या घरात मटकी नसते."

बोलून झाल्यावर तिला हुंदका आला. त्याचे कान लाल झाले नव्हते, चेहराच पांढरा पडला होता. भरलेले दोन्ही ग्लास टपरीच्या फळीवर ठेवून तो चालू लागला आणि तिने त्याला थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो टपरीवर नव्हता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. कलावती मान खाली घालून तिथून जाई आणि कोपरा ओलांडला की एकदा वळून बघे. आई घरी आली. पेलाभर पाणी पाजायचं म्हणजे तासभर मिनतवाऱ्या. कलावतीने विमलाबाईंशी भांडायचं ठरवलं, मग खोल्या विकून खाडीकाठी परत जायचं ठरवलं, मग काहीच ठरेना. आईची चिंता होतीच. पण तिच्याखाली एक दुसरीही बारीक काळजी सलत होती, आणि आई अशी असताना आपल्याला ती सलावी याचीच तिला लाज वाटत होती.

*

रविवारी सकाळी जिन्यात धडधड ऐकू आली. काहीतरी जड वर येत होतं, थांबत होतं, पुन्हा वर येत होतं.

दारात दौलत होता. दोन्ही हातांत पाण्याचे कॅन, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला. ते कॅन आत ठेवून तो खाली गेला आणि आणखी दोन घेऊन आला. पुन्हा गेला. खाली रिक्षा भरून कॅन होते, विठ्ठलवाडीला त्याच्या चाळीतल्या बोअरिंगवर भरलेले.

"हे काय?" कलावतीला एवढंच सुचलं.

धापा टाकत त्याने सांगितलं. त्याने टाकी बसवली ती कंपनीच्या नकाशाप्रमाणे, आणि नकाशा नव्या कमोडचा होता. जुन्या कमोडचा गळा रुंद, त्याला जास्त पाणी लागतं आणि पाणी जरा उंचावरून यावं लागतं. साखळीची टाकी छताजवळ का असायची, हे त्याने कधी कुणाला विचारलंच नव्हतं. आता टाकी वर सरकवायची, आतला गोळा थोडा चढवायचा आणि धाकट्या बटणात काम होईल असं माप शोधायचं. ते कुठल्याच नकाशात नाही, करूनच बघावं लागेल. आणि बघायचं, तर सोसायटीचं पाणी वापरायचं नाही.

"किती वेळा करून बघणार?"

"जमेपर्यंत," तो म्हणाला. मग खाली मान घालून, "तुम्ही मला आधीच का नाही सांगितलंत?"

कलावतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "चहा बंद झाला असता," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, आणि ते बघून कलावतीला इतकं हायसं वाटलं की ती घाईघाईने स्टूल आणायला आत गेली.

काम सुरू झालं. त्याने खिशातून मटकीची पुडी काढली तशी मनुबाई अंथरुणावरून उठून आली आणि तिने ती काढून घेतली. अन्न हाय ते, ती म्हणाली, तिथं टाकायचं नसते. आणि आपण होऊन खाली बसली, जुनं वर्तमानपत्र भिजवून त्याचे गोळे वळू लागली. हात मासळीला सरावलेले. गोळे सगळे सारखे, घट्ट. लेक आणि तो पोरगा आत टाकी वर घेत होते, खाली घेत होते, आणि ती बाहेरून एकेक गोळा पुरवत होती. कॅन टाकीत रिकामा करायचा, बटण दाबायचं, तिघांनी वाकून बघायचं. गोळा तसाच. टाकी वीतभर वर. पुन्हा कॅन. पुन्हा तसाच. आतला गोळा अजून थोडा वर. उन्हं चढली. रिकामे कॅन दाराबाहेर जमत गेले आणि नळातून खाली धबधबे जात राहिले, एकामागून एक.

व्हायचं तेच झालं. विमलाबाई जिना चढून आल्या. पाठीमागे दोन-तीन बायका. श्वास पुरेना, तरी त्या दारातूनच म्हणाल्या की आता मात्र हद्द झाली, खाली लोकांना भांडी घासायला पाणी नाही.

कलावती पुढे झाली. पण तिच्या आधी मनुबाई भिंतीला धरून उभी राहिली होती, हात ओल्या कागदाने माखलेले.

"ये विमलबाय. हे पानी इठ्ठलवाडीचं हाय, तुज्या टाकीतलं नाय. ते डबे बघ. मी पानी कमी खर्चायला शिकतेय. तू पन शीक, बस."

विमलाबाईंनी दाराबाहेरच्या कॅनांकडे बघितलं, दौलतच्या भिजलेल्या शर्टाकडे बघितलं. त्याच वेळी आत दौलतने धाकटं बटण दाबलं. पाणी या वेळी नुसतं पसरलं नाही, वरून धार धरून आलं. कागदाचा गोळा एकदा वळला आणि दिसेनासा झाला.

मग दौलतने पुन्हा करून बघितलं. पुन्हा गेला. विमलाबाई हळूच आत डोकावल्या.

"आवाज कमीच आहे की," त्या पुटपुटल्या. आणि जरा वेळाने, बायका खाली गेल्यावर, पदर सारखा करत म्हणाल्या की त्यांच्या ह्यांना साखर आहे, सारखं उठावं लागतं, पाण्याच्या धास्तीने त्यांचाही जीव टांगणीला असतो. मनुबाईने ते ऐकून घेतलं. आणि बसायला पाट पुढे सरकवला. विमलाबाई त्यावर घटकाभर टेकल्या आणि मग उठून गेल्या.

गोळा गेला, पण खरी परीक्षा राहिली होतीच. कागदाचं काय, मटकीही गेली होती एकदा. कलावतीने पेला भरून आईपुढे धरला. मनुबाई तो प्यायली. दुसराही प्यायली. बोलत बसली, पाय दाबत बसली, आणि मग एकदम उठून आत गेली. कडी लागली.

बाहेर बोळकांडीत दोघं उभी राहिली. इतकी अरुंद जागा की भिंतीला पाठ टेकली तरी समोरच्याचा श्वास लागावा. कलावतीने साडीचा काठ मुठीत धरला होता. एकदाच आवाज आला तर जिंकलो. दोनदा आला, तर आई उद्यापासून पुन्हा माठ भरणार.

"मी एक विचारू?" दौलत कुजबुजला.

"आत्ता?"

"आत्ताच. टाकी चालली, तर माझं इथलं काम संपलं. नाही चालली, तर तोंड दाखवायला जागा नाही. दोन्हीकडून मी गेलोच... म्हणून मधेच विचारतो."

तो काय विचारणार ते तिला कळलं होतं. उत्तरही ठाऊक होतं, आणि त्या उत्तराआड काय उभं आहे तेही. "मी आईला सोडून कुठं जाणार नाही," ती म्हणाली.

"मी कुठं सोडा म्हणतोय? विठ्ठलवाडीला भावाच्या घरात मी तसाही कडेलाच झोपतो. मी येतो इथं."

"लोक घरजावई म्हणतील."

"म्हणू देत. सकाळच्या अर्ध्या तासात पाणी भरायला दोन हात जास्त होतील."

"आमच्याकडे रोज मासळी असते."

"माझ्यासाठी बटाटा असेल ना?"

तिला हसू आलं आणि ते तिने ओठातच दाबलं. मग तिच्या लक्षात आलं की आत काहीच आवाज नाही. बराच वेळ झाला, काहीच नाही. ना बटणाचा, ना आईचा. तिचं हसू विझलं. चक्कर तर आली नसेल? तिने दार ठोठावायला हात उचलला.

"बोला गो, बोला," आतून मनुबाई म्हणाली. "मी थांबलेय. बटन दाबलं तर तुमचं ऐकू नाय येनार. तू काय सांगतेस त्याला?"

दौलतने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. कलावतीने कपाळ दाराला टेकवलं. दार थंडगार होतं.

"हो सांगते, आई," ती म्हणाली.

आत बटण दाबल्याचा बारीकसा आवाज झाला. पाणी सळसळत आलं आणि गेलं. टाकी हळूहळू भरत राहिली, भरून थांबली. दुसरा आवाज आला नाही.

कडी निघाली. मनुबाई दोघांकडे न बघता त्यांच्या मधून वाट काढत मोरीवर गेली, हातपाय धुतले आणि स्वयंपाकघरात शिरली. माठाचं झाकण सरकलं, पेला बुडाला. मग घटाघट पाणी पिण्याचा आवाज आला, आणि बोळकांडीत उभी असलेली ती दोघं, एकमेकांचा हात धरून, तो शेवटच्या घोटापर्यंत ऐकत राहिली.